इटलीतल्या कामोल्यीत शनिवार-रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, म्युनिक, झुरिकला राहणारी मराठी मंडळी किंवा मुंबई-पुण्याहून कामानिमित्त मिलानला आलेले लोक "इटलीत समुद्राकाठी दोन दिवस कुठे जाता येईल?" असं हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: कामोल्यी. त्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे गाव आहे कुठे? आणि हेच का?

इटलीच्या वायव्येला, लिगुरिया प्रांतात. जिनोआ शहरापासून पूर्वेकडे ट्रेनने अर्धा-पाऊण तास. समुद्रात घुसलेल्या पोर्तोफिनोच्या डोंगराच्या एका कुशीत पोर्तोफिनो आहे, तर दुसऱ्या, पश्चिमेकडच्या कुशीत कामोल्यी. वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास.

निवडण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. दोन दिवसांच्या सुट्टीत सगळ्यात जास्त वेळ खातो तो प्रवास. कामोल्यीत स्टेशन गावातच आहे, किनारा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, बंदर त्याच्या पुढे आणि डोंगराची पायवाट गावातूनच वर चढते. गाडी लागत नाही, टॅक्सी लागत नाही. शुक्रवारी रात्री बॅग खोलीवर टाकली की रविवारी दुपारपर्यंत ती उचलायची गरज नाही.

शिवाय गाव दिसायला देखणं आहे, पण दिखाऊ नाही. किनाऱ्यालगत सहा-सहा, सात-सात मजली घरांची भिंतच उभी आहे, गेरू, पिवळा, गुलाबी अशा रंगांची. नीट बघाल तर त्यातल्या कित्येक खिडक्या, खांब आणि नक्षी नुसती रंगवलेली आहे. लिगुरियात ही जुनी पद्धत आहे: दगडी नक्षी परवडत नसेल तर चित्रकाराकडून काढून घ्यायची. समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला लांबूनच आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग, असंही सांगतात. ते खरं असो-नसो, खलाशी मात्र खरेच होते. एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा गावाकडे शिडाच्या मोठ्या जहाजांचा ताफा होता. १८५३ मध्ये इथल्या जहाजमालकांनी एकत्र येऊन एकमेकांच्या जहाजांचा विमा उतरवणारी सहकारी संस्था काढली. गावाला अजूनही 'हजार पांढऱ्या शिडांचं शहर' म्हणतात. त्या काळाच्या खुणा बघायच्या असतील तर छोटंसं सागरी संग्रहालय आहे. पाऊस पडला तर जरूर जा.

दोन दिवस पुरतात का?

एक गाव, एक बोट, एक चाल आणि उरलेला वेळ पाण्यात, एवढंच ठरवलंत तर पुरतात. यादी घेऊन आलात तर चार दिवसही कमी पडतील.

चिंक्वे तेर्रे त्याच सुट्टीत बसवता येईल का?

चिंक्वे तेर्रे म्हणजे याच किनाऱ्यावरची पाच प्रसिद्ध गावं. ट्रेनने तासाभरावर आहेत, म्हणजे येईल. पण बसवू नका. उन्हाळ्यातल्या शनिवारी त्या पाच गावांतल्या फलाटांवर दादरची आठवण यावी इतकी गर्दी असते. तिकडे जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, वेगळे दोन दिवस काढून जा.

आणि पोर्तोफिनो?

सान फ्रुत्तुओझोहून (समुद्राकाठचा जुना मठ, त्याबद्दल पुढे) हंगामात बोट मिळते, नाहीतर सांता मार्गेरिता स्टेशनवरून बस. तासभर बघण्यासारखं छोटं बंदर आहे, आणि कॉफीची किंमत बघून आणखी बसावंसं वाटत नाही. गर्दीच्या दिवसांत फोटोसाठी रस्ता अडवून थांबणाऱ्यांना दंड करायची सोय तिथल्या पालिकेने २०२३ मध्ये केली, यावरून काय ते समजा. माझ्या यादीत ते 'वेळ उरला तर' या सदरात येतं.

कोणत्या महिन्यात जावं?

मे अखेर ते जून आणि पूर्ण सप्टेंबर. जूनमध्ये पाणी गारसर असतं, सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेलं, म्हणून पोहणाऱ्यांनी सप्टेंबर धरावा. जुलैत गर्दी, ऑगस्टमध्ये गर्दीचा कळस. १५ ऑगस्टला इटलीत 'फेर्रागोस्तो'ची राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्याच्या आगेमागे अर्धा देश समुद्राकाठी असतो. इथे असणाऱ्या आपल्या लोकांना स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्टी काढायचा मोह होतो, तो टाळा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा लिगुरियाचा खरा पावसाळा. आपल्यासारखा महिनोन्महिने नाही, पण पडतो तेव्हा काही तासांत दाणादाण उडवतो, कारण डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि पाण्याला पसरायला जागाच नाही. सरकारकडून पिवळा, केशरी, लाल असे इशारे दिले जातात. लाल इशारा म्हणजे घरात बसायचं. 'आम्ही कोकणातले, आम्हाला काय पाऊस' हे शौर्य तिथे दाखवू नका. हिवाळ्यात हवा सौम्य आणि गाव निवांत, पण बोटी कमी आणि बरीच हॉटेलं बंद.

एखाद्या सणाला जावं का?

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथे माशांचा उत्सव असतो, 'साग्रा देल पेशे'. १९५२ पासून चालू आहे. बंदरात जवळपास चार मीटर व्यासाच्या अवाढव्य कढईत मासे तळून लोकांना वाटतात. मच्छीमारांचे संत सान फोर्तुनातो यांचा हा सण, म्हणून आदल्या रात्री, शनिवारी, किनाऱ्यावर मोठमोठ्या होळ्या पेटवतात. गावातल्या दोन वाड्यांची त्यात चढाओढ असते आणि लाकडाच्या कलाकृती रचून त्या जाळतात. मला विचाराल तर कढईपेक्षा ही रात्र जास्त बघण्यासारखी. रविवारी रांगेतच दिवस जातो.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी 'स्तेल्ला मारिस'. दिवसा सजवलेल्या होड्या पुंता क्याप्पाच्या टोकावरच्या वेदीपर्यंत जातात आणि रात्री समुद्रावर हजारो मेणदिवे सोडतात. नारळी पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला यातलं बरंचसं समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक गंमत: १६ ऑगस्टला वरच्या सान रोक्को वाडीत कुत्र्यांच्या इमानदारीचा पुरस्कार दिला जातो. १९६२ पासून दर वर्षी. संत रोक्को कुत्र्यांचे कैवारी, म्हणून.

सप्टेंबरमध्ये संवाद-माध्यमांविषयीचा एक मोठा महोत्सव भरतो, जो २०१४ मध्ये लेखक उंबेर्तो एको यांच्या सहभागाने सुरू झाला. व्याख्यानं इटालियनमध्ये असतात. भाषा येत नसेल तर त्या तारखा टाळा, कारण खोल्या मिळत नाहीत.

तिथे पोहोचायचं कसं?

भारतातून जिनोआला थेट विमान नाही. मिलान हाच सोयीचा रस्ता. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून जिनोआ दीड ते दोन तास, तिथे गाडी बदलून कामोल्यी. बदलाबदलीसकट अडीच तास धरून चाला. स्टेशनचं पूर्ण नाव 'कामोल्यी–सान फ्रुत्तुओझो' असं आहे. दुसऱ्या नावाने गोंधळू नका, उतरायचं तिथेच. (गावाचं नाव रोमन लिपीत वाचून लोक 'कामोग्ली' म्हणतात. तिकीट खिडकीवर ग गिळून टाका.)

युरोपातल्या काही शहरांतून जिनोआच्या विमानतळावर थेट विमानं येतात. तिथून शहराच्या मुख्य स्टेशनांपर्यंत बस अर्ध्या तासात सोडते. जिनोआत मोठी स्टेशनं दोन, प्रिंचिपे आणि ब्रिन्योले. कामोल्यीच्या बहुतेक गाड्या दोन्हीकडे थांबतात. पिसाला स्वस्त विमान मिळालं तर तेही चालतं, ट्रेनने साधारण दोन तास.

भाड्याची गाडी? नको. रस्ता वळणावळणांचा, पार्किंग महाग आणि तुटपुंजं, आणि गावांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना मनाई असते. कॅमेरा नंबर टिपतो आणि महिन्यांनी घरी दंडाची चिठ्ठी येते.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्ट असेल आणि तुम्ही भारतात किंवा ब्रिटनमध्ये राहत असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही. लंडनहून येणाऱ्यांचा हा गैरसमज अजून जात नाही. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा शेंगेन देशाचं वैध निवास कार्ड असेल तर वेगळा व्हिसा नको. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शेवटच्या १५ दिवसांवर कधीच विसंबू नका, उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च वेगळा. किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा.

ट्रेनची तिकिटं आधी काढावीत का?

मिलान–जिनोआ टप्प्याच्या लांब पल्ल्याच्या गाडीचं काढा, लवकर काढलं तर स्वस्त पडतं. जिनोआ–कामोल्यी ही साधी प्रादेशिक गाडी. तिचं भाडं ठरलेलं असतं आणि जागा राखून मिळत नाही, म्हणून आयत्या वेळी काढलं तरी तेवढेच पैसे.

इथे एक सापळा आहे. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाचं गाडीत बसण्याआधी ऑनलाइन चेक-इन करावं लागतं. पैसे भरलेले असूनही हे केलं नाही तर तपासनीस दंड करतो, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे वाक्य त्याने तुमच्याआधी शंभर भाषांत ऐकलेलं असतं.

संप असला तर?

इटलीत रेल्वेचे संप होतात, बऱ्याचदा शुक्रवारी नाहीतर शनिवार-रविवारी. पण ते आधी जाहीर करावे लागतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात 'शोपेरो' (म्हणजे संप) हा शब्द घालून एकदा शोधून बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. रविवारी ती हमी नसते.

राहायचं कुठे?

कामोल्यीतच, जमलं तर. संध्याकाळच्या गाडीने दिवसाचे पाहुणे निघून गेले की गाव बदलतं. बायका-बाप्ये खुर्च्या दारात ओढतात, पोरं बंदरावर चेंडू खेळतात. गावाचं तोंड पश्चिमेकडे असल्याने संध्याकाळचं ऊनही इथे उशिरापर्यंत रेंगाळतं. ते सोडून जिनोआला झोपायला जाण्यात काय हशील?

खोल्या थोड्या आहेत आणि समुद्रासमोरच्या महाग. पैसे वाचवायचे तर शेजारचं रेक्को, ट्रेनने पाच मिनिटं. रेक्को बघून मात्र हिरमुसू नका. रेल्वेच्या मोठ्या पुलापायी दुसऱ्या महायुद्धात तिथे एवढे बॉम्ब पडले की जुनं गाव जवळपास उरलंच नाही. आज दिसतं ते नंतर बांधलेलं आहे. तिथे जातात ते खायला, त्याबद्दल पुढे.

आरक्षण करताना दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि स्टेशनपासून किती पायऱ्या. माणशी, दर रात्रीचा छोटा पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो, पुष्कळदा रोख. हॉटेलवाले पासपोर्ट मागतील. पोलिसांना पाहुण्यांची नोंद कळवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

आई-बाबा सोबत आहेत, गुडघे दुखतात. जमेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर 'थोडं जपून' असं आहे. कामोल्यी उभं गाव आहे. वरचा मुख्य रस्ता, जिथे स्टेशन आणि बरीचशी दुकानं आहेत, तो बराचसा सपाट. खालचा समुद्रालगतचा रस्ताही सपाट आणि फिरायला छान. अडचण आहे ती या दोन्हींच्या मधल्या पायऱ्यांची. त्या दिवसातून एकदाच कराव्या लागतील असा बेत आखा: सकाळी खाली उतरायचं, दुपार खालीच काढायची, संध्याकाळी वर.

डोंगरातली चाल त्यांच्यासाठी नाही, पण बोट जरूर आहे. चढता-उतरताना खलाशी हात देतात. सान फ्रुत्तुओझोला उतरल्यावर मठापर्यंत थोड्या पायऱ्या लागतात, बसत-उठत होतात. लाटा जास्त असतील तर मात्र त्यांना नेऊ नका, कारण उतरताना फळी हलते.

किनारा कसा आहे? पोहता येतं का?

वाळू नाही, गोटे आहेत. हे आधीच सांगतो, कारण गणपतीपुळ्याची वाळू मनात धरून आलेले लोक पहिली पाच मिनिटं रुसून बसतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट घेऊन या, म्हणजे निम्मा त्रास संपला. गोट्यांचा फायदा असा की पाणी नितळ राहतं. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःची नखं दिसतात.

आपल्या समुद्राच्या सवयीत दोन बदल करावे लागतात. पहिला, भरती-ओहोटी इथे जवळपास नाहीच, फार तर वीतभर फरक पडतो. त्यामुळे पोहायला कधी जायचं ते घड्याळ आणि भूक ठरवते, चंद्र नाही. दुसरा, किनाऱ्यापासून चार-पाच पावलांवर तळ झपकन खाली जातो. पोहता न येणाऱ्यांनी कमरेच्या पुढे जाऊ नये आणि मुलांना हाताच्या अंतरावर ठेवावं. नैर्ऋत्येकडून 'लिबेच्चो' वारा सुटला की हाच शांत समुद्र थेट गावावर धावून येतो. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या वादळाने या किनाऱ्यावरचे धक्के आणि रस्ते फोडले होते. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरायचं नाही, पोहणं कितीही चांगलं येत असलं तरी.

किनाऱ्याचे दोन भाग असतात. रंगीत छत्र्यांच्या रांगा म्हणजे पैसे देऊन घ्यायची जागा: आरामखुर्ची, छत्री, अंघोळीची सोय. त्यालाच लागून मोकळा, फुकट भाग असतो, तिथे आपली चादर पसरायची. पैसे देण्याच्या जागेत चादर पसरून बसलात तर हाकलतात. ऑगस्टमध्ये पहिल्या ओळीतल्या छत्र्या वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांकडे असतात, त्यामुळे दोन दिवसांच्या पाहुण्याला मागची ओळ मिळाली तरी नशीब समजावं.

सान फ्रुत्तुओझो म्हणजे काय? सगळे तेच का सांगतात?

कारण तिथे गाडीरस्ता नाही. डोंगराच्या घळीत, थेट पाण्याच्या काठावर मध्ययुगीन मठ उभा आहे आणि तिथे एकतर बोटीने जायचं नाहीतर चालत. कामोल्यीच्या बंदरातून बोटीला साधारण अर्धा तास लागतो, वाटेत पुंता क्याप्पाला थांबते.

जिनोआच्या दोरिया घराण्याने तेराव्या शतकात तिथे आपल्या मृतांसाठी जागा घेतली. करड्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांची त्यांची थडगी अजून आहेत. चाच्यांच्या भीतीने १५६२ मध्ये शेजारी टेहळणीचा बुरूज बांधला. जलदुर्गांच्या मुलखातल्या माणसाला बुरूज बघून वाटतं, एवढासाच? पण जागा किती हुशारीने निवडली आहे ते बोटीतून लक्षात येतं: अगदी समोर येईपर्यंत मठ दिसतच नाही. १९१५ च्या पुरात चर्चचा काही भाग कोसळला आणि वाहून आलेल्या गाळ-दगडांनी पुढचा छोटा किनारा तयार झाला. १९८३ मध्ये दोरिया पांफिली कुटुंबाने सगळी मालमत्ता वारसा जपणाऱ्या 'फाई' या राष्ट्रीय संस्थेला देऊन टाकली. आत जायला तिकीट तिचंच.

सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक धरा. अकरानंतर पोर्तोफिनोकडूनही बोटी येतात आणि ती वितीएवढी जागा भरून जाते. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट कधी आहे ते पाटीवर वाचा आणि तिचा फोटो काढा. समुद्र खवळला तर बोटी बंद होतात, मग डोंगर चढून परतणं एवढाच मार्ग उरतो. शनिवारी हवा चांगली असेल तर शनिवारीच जाऊन या. 'उद्या बघू' इथे महागात पडतं.

पाण्याखालची ख्रिस्ताची मूर्ती दिसते का?

सान फ्रुत्तुओझोच्या खाडीत, सुमारे १७ मीटर खोलीवर, हात वर केलेली अडीच मीटरची काशाची मूर्ती आहे. शिल्पकार ग्विदो गाल्लेत्ती यांनी घडवली आणि १९५४ च्या ऑगस्टमध्ये ती तळाशी उभी केली. कल्पना दुइलियो मार्कान्ते या पाणबुड्याची. त्याचा साथीदार दारियो गोंझात्ती १९४७ मध्ये याच पाण्यात बुडी मारताना गेला होता. मूर्तीसाठी जहाजांच्या घंटा, खलाशांची आणि सैनिकांची पदकं वितळवली.

बघायची असेल तर परवाना असलेल्या डायव्हिंग केंद्रातर्फेच जावं लागतं, कारण हा सगळा किनारा १९९९ पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. वरून, होडीतून, पाणी अगदी स्थिर असेल तर हिरवट आकार दिसतो म्हणतात. त्या भरवशावर बेत आखू नका. डायव्हिंग येत नसेल तर चिडचिड न करता मठ बघा.

चालायला कुठे जावं? सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना सोपं जाईल का?

दमाच्या बाबतीत सोपं जाईल. सगळ्यात उंच माथाच ६१० मीटरचा आहे. पण सुरुवात समुद्रसपाटीपासून आणि पायऱ्या सलग, म्हणून पोटऱ्या बोलतात.

माझी आवडती वाट अशी. कामोल्यीतून पायऱ्यांनी सान रोक्को, पाऊण तास. तिथल्या चर्चसमोरच्या कठड्यावरून जिनोआपर्यंतचा किनारा दिसतो. मग ऑलिव्हच्या मळ्यांतून उतरत सान निकोलो हे बाराव्या शतकातलं छोटं चर्च, आणि तिथून खाली पुंता क्याप्पा. हे समुद्रात घुसलेलं खडकाचं लांब जिभाड आहे. तिथे एक डुबकी मारून बोटीने परत. अर्ध्या दिवसात होतं आणि उन्हाळ्यात सकाळी आठला निघालात तर उन्हाचा तडाखाही चुकतो.

सान रोक्कोहून थेट सान फ्रुत्तुओझोला जायचं तर दोन वाटा फुटतात. 'पिएत्रे स्त्रेत्ते'कडून जाणारी रानातली वाट साधी आहे, वेळ लागतो एवढंच. दुसरी 'बात्तेरिये'कडून, महायुद्धातल्या तोफांच्या खंदकांवरून, समुद्राच्या कड्याने जाते आणि तिच्यावर काही ठिकाणी साखळ्या धरून पार व्हावं लागतं. हरिहर किंवा कलावंतीण सहज करणाऱ्यांना ती जमेल. ओल्या दिवशी, चपला घालून किंवा मुलांना घेऊन मात्र अजिबात नाही.

सान फ्रुत्तुओझोच्या अलीकडे काला देल्लोरो नावाची खाडी लागते. तिथे पोहायला, होडी न्यायला पूर्ण बंदी आहे. वरून बघायची, खाली उतरायचं नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहणार का?

उलट. इटलीच्या किनाऱ्यावर शाकाहाऱ्याने राहायला लिगुरियाइतकी चांगली जागा नाही. डोंगराळ, गरीब मुलूख. गुरं थोडी, म्हणून जेवणात पालेभाज्या, डाळीचं पीठ, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल.

सकाळी फोकाच्चा. तेलात न्हालेला, वर खळगे पडलेला जाड पाव, वजनावर विकतात. 'उन एत्तो' म्हटलं की शंभर ग्रॅम मिळतो. इथले लोक तो दुधाच्या कॉफीत बुडवून खातात. बघायला विचित्र वाटतं, पण खारी-चहावर वाढलेल्यांनी नाक मुरडायचं कारण नाही.

रेक्कोचा चीज घातलेला फोकाच्चा ही वेगळीच चीज. खमीर न घालता लाटलेल्या, आरपार दिसतील इतक्या पातळ दोन पोळ्या आणि मध्ये ताजं, आंबूस मऊ चीज. २०१५ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. गरम खायचा, भट्टीतून निघाल्या निघाल्या. शनिवारच्या जेवणासाठी मुद्दाम ट्रेनने रेक्कोला जाऊन या.

फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं पातळ मिश्रण, मीठ आणि ऑलिव्ह तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. दूध नाही, अंडं नाही. मिरपूड भुरभुरून खा. आजी चाखून म्हणेल 'हिरवी मिरची राहिली', तर तिचंही चुकत नाही.

जेवायला त्रोफिये नावाचा पिळदार पास्ता, पेस्तो म्हणजे बेझिलच्या पानांच्या हिरव्या चटणीबरोबर. परंपरेने त्यात बटाटा आणि फरसबीही शिजवलेली असते. पान्सोती म्हणजे रानभाज्या भरलेली मोदकासारखी फुगीर पुडी, वर अक्रोडाची पांढरी चटणी.

काटेकोर पाळणाऱ्यांसाठी इशारे: पेस्तोत लसूण असते आणि पार्मेजान चीजही, हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) बनवतात. पान्सोतीत अंडं असू शकतं. फारिनातात कधी कांदा घालतात. नको असेल तर 'सेंत्सा चिपोल्ला' म्हणा. 'अच्चूगे' हा शब्द दिसला की तिथे छोटे मासे आहेत. जैन जेवण पाळणाऱ्यांना साधी फारिनाता आणि रेक्कोचा फोकाच्चा यांवर निभावता येईल, अर्थात चीजचा प्रश्न स्वतः ठरवावा. श्रावणात येत असाल तर सोबत फराळाचा डबा असू द्या.

आणि मासे खाणाऱ्यांनी?

अच्चूगे, म्हणजे अँकोव्ही, ताजे तळलेले किंवा भरलेले. आपल्या मांदेलीच्या चाहत्यांना ते लगेच पटतात. मसाला नसतो, लिंबू आणि मीठ, बस्स.

कामोल्यीत एक जुनी गोष्ट अजून चालू आहे: 'तोन्नारेल्ला'. गाव आणि पुंता क्याप्पा यांच्या मध्ये, साधारण एप्रिल ते सप्टेंबर, समुद्रात अडकवून ठेवलेलं जाळ्यांचं कोठार. त्यात वाट चुकलेले मासे शिरतात आणि मच्छीमार हातांनी जाळं ओढून ते काढतात. जाळं नायलॉनचं नाही, काथ्याचं असतं. काथ्यावर शेवाळ धरतं, माशांना ते नैसर्गिक वाटतं आणि हंगाम संपला की समुद्रातच कुजून जातं. नारळ न पिकणाऱ्या किनाऱ्यावर काथ्याची जाळी बघून कोकणी माणूस थबकतोच. त्या दिवशी जे सापडलं ते बंदराजवळ विकायला येतं, म्हणून हॉटेलात मेनूकार्डाआधी 'आजचा मासा कोणता?' हे विचारा.

गोड काय?

कामोल्यिएझी. रम भरलेलं, चॉकलेटात बुडवलेलं छोटं गोल पक्वान्न. दारू आणि अंडं दोन्ही असतं. दारू न चालणाऱ्यांसाठी इतर स्वादही ठेवतात. मुलांना आइसक्रीम द्या.

जेवणाच्या वेळा, बिल, टिप?

दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. चार वाजता 'काहीतरी गरम मिळेल का' विचारलं तर स्वयंपाकघर बंद असतं. बेकरी मात्र तारते. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो लावतात, ते बसण्याचे आणि पावाचे. ती लूट नव्हे, रीत आहे. त्यावर टिपची सक्ती नाही. कॉफी उभ्याने प्यायलात तर स्वस्त, समुद्रासमोर बसून प्यायलात तर त्या समुद्राचंही भाडं त्यात असतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या.

पाऊस लागला तर काय करायचं?

जिनोआ. अर्धा-पाऊण तासावर युरोपातल्या मोठ्या मध्ययुगीन वस्त्यांपैकी एक आहे. त्यातल्या श्रीमंतांच्या वाड्यांना २००६ मध्ये युनेस्कोचं जागतिक वारसा मानांकन मिळालं. मत्स्यालयही मोठं आहे, मुलं दोन-तीन तास गुंततात. स्टेशनाजवळच्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

बॅगेत काय असावं?

पाण्यातले बूट, चालायचे बूट, टोपी, बोटीवर वारा लागतो म्हणून पातळ जाकीट. चर्चमध्ये जाताना खांदे झाकायला एक ओढणी. मळमळत असेल तर गोळी बोटीच्या अर्धा तास आधी घ्यायची, बोटीत बसल्यावर नाही. चाकांची मोठी बॅग नको. त्या पायऱ्यांवर ती तुम्हालाच उचलायची आहे.

रविवारी परत किती वाजता निघावं?

उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत जिनोआ-मिलानकडच्या गाड्या खचाखच भरतात. सगळं मिलान त्याच वेळी घरी परततं. एकतर दुपारी दोनच्या आसपास निघा, नाहीतर रात्री जेवून, शेवटच्या नव्हे तर शेवटून दुसऱ्या गाडीने. रात्रीचं विमान असेल तर जिनोआतली गाडी बदलताना निदान अर्धा तास हाताशी ठेवा. सोमवारी पहाटेचं विमान असेल तर रविवारची रात्र मिलानमध्येच काढा, कामोल्यीहून इतक्या पहाटे विमानतळावर पोहोचता येत नाही.